खुरसाच्या टेकडीवरची माणसे

दरवर्षी जानेवारीचा पहिला पंधरवडा सुरू झाला की सांकवाळच्या दिशेने पायी चालणारी माणसे दिसू लागतात. कुणाच्या हातात मेणबत्त्यांचा जुडगा, कुणाच्या गळ्यात रोझरी. नोव्हेना सुरू झालेली असतात आणि १६ तारखेला फेस्त असते ते संत जुझे वाझ यांचे. १६ जानेवारी १७११ रोजी श्रीलंकेतल्या कँडी शहरात त्यांनी देह ठेवला. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना 'धन्य' म्हणून घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात समुद्राकाठच्या मैदानावर त्यांना संतपद दिले. गोव्याच्या मातीत जन्मलेला हा पहिला संत.

त्यांच्यावर आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते त्यात एक चित्र ठरलेले असते. भिकाऱ्याच्या वेषात डचांच्या हातावर तुरी देऊन लंकेत शिरलेला एकटा पाद्री. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. एकटा माणूस किती वर्षे तग धरेल? आम्हा सरकारी कचेरीत बसणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माणूस कितीही कर्तबगार असो, तो बदलून गेला किंवा निवृत्त झाला आणि मागे कुणी तयार केलेला नसला, की त्याचे काम कपाटात जाऊन बसते. जुझे वाझ यांचे काम त्यांच्यामागे सव्वाशे वर्षे चालले. ते कसे? याचे उत्तर शोधायला लंकेत जावे लागत नाही. जुन्या गोव्यातल्या एका टेकडीवर जावे लागते.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगिजांच्या राज्यात ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांची स्थिती काय होती? धर्मांतराची सक्ती, पाडलेली देवळे, इन्क्विझिशनची दहशत हा इतिहास आपल्या वाचकांना सांगायला नको. परंतु जे ख्रिस्ती झाले त्यांचे पुढे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणजे गोवेकर पोर्तुगिजांच्या बरोबरीला आला असे मुळीच झाले नाही. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा मोठमोठ्या संघांचे मठ जुन्या गोव्यात उभे होते, पण त्यांची दारे देशी माणसाला जवळजवळ बंदच होती. देशी पोरगा शिकला तर फार तर साधा पाद्री व्हायचा आणि एखाद्या गोऱ्या विगाराच्या हाताखाली राबायचा. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो यांना तर गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षाच नाकारली. हा माणूस इतका जिद्दी की थेट रोम गाठून पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. तरीही पोर्तुगिजांनी त्याला आपल्या हद्दीत सुखाने राहू दिले नाही. आदिलशाही मुलखात, आपल्या डिचोलीत, त्याला ठाणे करावे लागले. बिशपाची ही गत, तिथे साध्या पाद्र्याला कोण विचारतो?

अशा काळात, २१ एप्रिल १६५१ रोजी, जुझे वाझ यांचा जन्म बाणावलीला आईच्या माहेरी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. (तुकोबांचे निर्याण त्याच्या एक वर्ष आधीचे आणि समर्थ रामदास तेव्हा हयात होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) बाणावली आणि सांकवाळात प्राथमिक शिक्षण, पुढे जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सांपावलो महाविद्यालयात आणि डॉमिनिकनांकडे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र. १६७६ मध्ये दीक्षा. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या इगर्जीत त्यांनी एक कागद लिहून ठेवला. आपण मारियामातेचे कायमचे दास आहोत, असे त्यात स्वतःच्या हाताने लिहिले. गुलामांचा बाजार भरणाऱ्या शहराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने 'दास' हा शब्द स्वतःला लावून घ्यावा, याचा अर्थ आज आपल्याला चटकन कळणार नाही.

१६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठवले गेले. मंगळूर, कल्याणपूर, गंगोळी आणि शिवाजी महाराजांच्या १६६५ च्या आरमारी स्वारीमुळे आपल्याला माहीत असलेले बसरूर. तिथे गोव्याहून गेलेले ख्रिस्ती विखरून राहत होते आणि त्यांच्यावर हुकमत कोणाची यावर वाद चालू होता. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाचा जुना धार्मिक हक्क, दुसऱ्या बाजूला रोमने परस्पर नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो. तेही गोव्याचेच. म्हणजे गोवेकर पाद्री विरुद्ध गोवेकर बिशप, आणि मध्ये गोंधळलेले भाविक. वाझांनी शाळा काढल्या, पडक्या इगर्जी सावरल्या, कैदी सोडवले, पण या भांडणात त्यांची बरीच शक्ती खर्ची पडली. १६८४ मध्ये ते परतले तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असणार. अधिकारपत्राच्या जोरावर धर्म टिकत नाही.

या तीन वर्षांत गोव्यात काय घडत होते तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांचे सैन्य जुव्याच्या बेटावर उतरले आणि राजधानीचा घास जाण्याची वेळ आली. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने घाबरून सांत झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला, ही कथा सर्वश्रुत आहे. मोगल दक्षिणेत उतरले म्हणून मराठी फौज मागे फिरली. त्यानंतर याच व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी कोकणी भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि लोकांना पोर्तुगीज शिकायला तीन वर्षांची मुदत दिली. सत्तेला भीती वाटली की ती लोकांच्या जिभेवर हात ठेवते, हे त्याही काळचे सत्य.

अशा भयभीत, संशयी शहरात १६८२ च्या सुमारास काही देशी पाद्री एकत्र आले. त्यांचा पुढाकारी पाश्कोआल द कॉस्ता जेरेमियास. हे कोणी बंडखोर नव्हते. त्यांना एकत्र राहायचे होते, एकत्र प्रार्थना करायची होती आणि एकमेकांना सांभाळायचे होते. मोठे संघ घेत नाहीत तर आपणच आपले घर करू, इतका साधा विचार. त्यांना जागा मिळाली ती जुन्या गोव्याच्या एका टेकडीवरच्या 'सांता क्रूझ दोश मिलाग्रिश', म्हणजे चमत्काराच्या पवित्र खुरसाच्या इगर्जीत. १६१९ मध्ये या टेकडीवरच्या लाकडी खुरसावर येशूचे दर्शन झाले अशी श्रद्धा होती. तो खुरीस आज सी कॅथेड्रलमधल्या एका छोट्या कपेलात आहे. टेकडीवरची इगर्ज मात्र भग्न होऊन झाडोऱ्यात उभी आहे. बॉम जेझूला येणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी क्वचितच कोणी तिकडे फिरकतो.

सप्टेंबर १६८५ मध्ये वाझ या घरात दाखल झाले आणि थोड्याच दिवसांत सोबत्यांनी त्यांना प्रमुख निवडले. एकत्र तर आलो, पण राहायचे कोणत्या नियमाने? त्यांनी संत फिलिप नेरी यांचा नमुना घेतला. हा नमुना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

फिलिप नेरी (१५१५ ते १५९५) हा फ्लॉरेन्सचा माणूस, रोममध्ये स्थायिक झालेला, मोठा विनोदी. दुपारच्या वेळी त्याच्या खोलीत माणसे जमायची. त्यात पाद्री असत, तसे दुकानदार, शिंपी, दरबारी, गवयी असे कोणीही असत. कोणी एक पुस्तक वाचायचा, मग त्यावर जमलेल्यांनी बोलायचे. बोलणे साधे हवे, पांडित्य नको. मग गाणे व्हायचे. त्यानंतर सगळ्यांनी मिळून इस्पितळात जाऊन रोग्यांची सेवा करायची. गर्दी वाढली तेव्हा खोली अपुरी पडली आणि मंडळी एका प्रार्थनागृहात, 'ओरेटरी'त, जमू लागली. संघाला तेच नाव पडले. १५७५ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. संगीतातला 'ओरेटोरिओ' हा प्रकारही याच बैठकांतून निघाला.

नेरींच्या संघाचे वेगळेपण असे की तिथे शपथा नव्हत्या. इतर संघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची जन्मभराची शपथ घ्यावी लागे. इथे माणूस राहायचा तो आपल्या खुशीने आणि सोबत्यांच्या प्रेमाने. प्रत्येक गावचे घर स्वतंत्र, वरून कोणी हुकूम सोडणारा नाही, प्रमुख निवडून दिलेला. मग शिस्त कोण लावणार? तर एकमेकांनी. रोज एकत्र ध्यान, एकत्र जेवण, जेवताना वाचन, ठरल्या दिवशी आपल्या चुका सोबत्यांसमोर सांगणे आणि त्यांनी सौम्यपणे दाखवलेल्या चुका ऐकून घेणे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रात भाविकांनी एकमेकांना प्रेमासाठी आणि सत्कृत्यांसाठी उत्तेजन द्यावे, एकत्र जमणे सोडू नये, असा उपदेश आहे. नेरींनी त्याची रोजची दिनचर्याच करून टाकली.

आपल्याकडे वारकऱ्यांच्या दिंडीत जे असते त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. चालताना दमलेल्याला कोणी उपदेश करीत नाही. टाळ वाजतच असतात, शेजारचा चालतच असतो आणि त्यामुळे आपलेही पाऊल पडते. दिंडी वर्षातून काही दिवसांची आणि हे घर बारा महिन्यांचे, एवढा फरक.

लिस्बनमध्ये बार्तोलोमेउ दो केंताल याने १६६८ मध्ये अशी ओरेटरी काढली होती. गोव्याच्या पाद्र्यांनी तिचे नियम आपल्यासाठी घेतले. पोर्तुगीज सत्तेच्या मुलखात गोऱ्यांच्या देखरेखीशिवाय देशी माणसांनी चालवलेला हा पहिला धर्मसंघ. विचार करा, ज्यांना इतरांनी कमी लेखले त्यांनी आधी काय केले? अर्ज-विनंत्या करीत बसले नाहीत. एकमेकांची योग्यता वाढवायला घेतली.

आता लंका. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतले, १६५८ मध्ये जाफना. डच प्रोटेस्टंट, कॅथलिक त्यांचे हाडवैरी. सगळे पाद्री हाकलले गेले आणि पाद्र्याला आसरा देईल त्याला मृत्युदंडाची धमकी दिली गेली. लग्न-बाप्तिस्मा डचांच्या इगर्जीत नोंदवला नाही तर जमिनीचा वारसा आणि सरकारी काम दोन्हीला मुकावे लागे. जवळजवळ ३० वर्षे हजारो तमिळ आणि सिंहली कॅथलिक पाद्र्यावाचून होते. वरून डचांच्या इगर्जीत हजेरी लावायची आणि रात्री घरात रोझरी म्हणायची. गोव्यातल्या हिंदूंनी अंत्रुज महालात देव नेऊन ठेवले आणि रात्री-अपरात्री खाडी ओलांडून दर्शनाला गेले, त्याची आठवण इथे कोणाला झाली तर नवल नाही. सत्ता बदलली, धर्म बदलला, पण दडपलेल्या भक्ताची रात्र सगळीकडे सारखीच असते.

वाझ १६८६ मध्ये गोव्याहून निघाले. बरोबर घरचा नोकर जुवांव होता. तुतिकोरिनमार्गे, वादळात भरकटत, १६८७ मध्ये ते जाफन्याला पोचले. पाद्र्याचा झगा उतरवून मजुराचा वेष, अनवाणी पाय, गळ्यात रोझरी. रोझरी पाहून कोण चपापतो, कोण जवळ येतो यावरून आपला माणूस ओळखायचा. पण आधी आजारपणाने गाठले. अतिसाराने दोघेही इतके खंगले की लोकांनी त्यांना वस्तीबाहेर रानात नेऊन टाकले. एका बाईने दया येऊन रोज पेज आणून घातली, म्हणून जगले. तिचे नाव इतिहासात नाही. बाणावलीच्या सुखवस्तू ब्राह्मण घराण्यातला पाद्री परक्या बाईच्या पेजेवर वाचला, आणि पुढचा सगळा इतिहास त्या पेजेवर उभा आहे.

हळूहळू सिल्लालै गावच्या भाविकांनी त्यांना लपवून ठेवले. रात्री या घरी मिसा, पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी. पण एक पाद्री आणि एवढा मुलूख. एका गावात परत यायला महिनोन् महिने लागणार, कदाचित वर्ष. मधल्या काळात काय? इथे वाझांमधला ओरेटरीचा माणूस दिसतो. त्यांनी गावोगावी दोन प्रकारची माणसे उभी केली. एक 'मुप्पु', म्हणजे गावच्या ख्रिस्ती समाजाचा वडीलधारा. दुसरा 'अण्णावि', म्हणजे शिकवणारा. दोन्ही शब्द तमिळ. पाद्री नसताना रविवारी सगळ्यांना जमवायचे, प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, पोरांना धर्म शिकवायचा, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचे, भांडणे मिटवायची, कोण अडचणीत आहे ते बघायचे. ही सगळी कामे गृहस्थांची, शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची. खुरसाच्या टेकडीवर पाद्री एकमेकांसाठी जे करीत होते तेच इथे गावकरी एकमेकांसाठी करू लागले. ही व्यवस्था वाझांच्या मागेही कित्येक पिढ्या चालली.

तिची परीक्षा लवकरच झाली. १६८९ च्या नाताळच्या रात्री डचांनी छापे घातले. सुमारे २०० माणसे पकडली गेली. वाझ निसटले. पकडलेल्यांपैकी आठ जणांना पुढारी ठरवून चाबकाने फोडले गेले. त्यातला एक, दोन पेद्रु, डचांचा पंथ सोडून कॅथलिक झालेला. तो त्या माराने मेला, बाकीच्यांना कैदेत टाकले. कोणी पाद्र्याचा ठावठिकाणा सांगितला नाही. मला यात शौर्यापेक्षाही एक दुसरी गोष्ट मोठी वाटते. ही माणसे दोन वर्षांपूर्वी भीतीने एकमेकांपासूनही आपली रोझरी लपवीत होती. दोन वर्षांच्या एकत्र जमण्याने त्यांच्या स्वभावात एवढा पालट झाला. चारित्र्य घडते म्हणतात ते असे, चारचौघांत.

पुढे १६९० मध्ये वाझ डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलखातल्या पुत्तलमला गेले. १६९२ मध्ये प्रत्यक्ष कँडीला पोचले तर दरबारातल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंट माणसाने राजाच्या मनात भरवले की हा पोर्तुगिजांचा हेर आहे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना कैद केले. कैदेतल्या झोपडीत त्यांनी खुरीस उभा केला, सिंहली शिकून घेतली आणि हळूहळू तीच झोपडी त्या शहराची इगर्ज झाली. पुढे दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस आला अशी कथा आहे आणि लंकेतले भाविक ती मोठ्या श्रद्धेने सांगतात. राजाने त्यांना मोकळे सोडले, एवढे खरे. बौद्ध राजाने ख्रिस्ती पाद्र्याला आसरा द्यावा आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या डचांनी त्याच्यावर शिपाई सोडावेत, हा इतिहासाचा विनोद आपण विसरता कामा नये.

या सगळ्या काळात वाझ एकटे होते. जवळजवळ दहा वर्षे. पण तुटलेले नव्हते. चोरून पाठवलेली पत्रे खुरसाच्या टेकडीवर पोचत होती. तिथे नवे पाद्री ती पत्रे ऐकत मोठे होत होते. लंकेला जायचे म्हणजे काय याची तयारी त्यांची घरबसल्या होत होती. १६९६-९७ च्या सुमारास जोझेफ द मिनेझिस आणि वाझांचे भाचे जोझेफ कार्व्हाल्यू लंकेत येऊन मिळाले. आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली.

त्या काळी देवी म्हणजे मरण. राजा आणि सरदार शहर सोडून गेले. लोकांनी रोगी रानात नेऊन टाकले. वाझ आणि कार्व्हाल्यू मात्र राहिले. रोग्यांसाठी झोपड्या बांधल्या, घरे रिकामी करून तिथे त्यांना ठेवले, हाताने पेज भरवली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. बौद्ध, ख्रिस्ती असा भेद केला नाही. दहा वर्षांपूर्वी रानात टाकलेल्या रोग्याला एका बाईने पेज पाजली होती. तिचे ऋण असे फिटले. फिलिप नेरीच्या मंडळींनी वाचन आणि गाण्यानंतर इस्पितळ का गाठले असेल, तेही इथे कळते. नुसते जमून गोड बोलणारी मंडळी साथ आली की पांगतात.

सोबत्यांची ही साखळी पुढे चालू राहिली. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विश लंकेत आले. वाझांनी या तरुणाला ग्रंथरचनेच्या कामाला लावले. त्यांनी तमिळ आणि सिंहली दोन्ही भाषा आत्मसात केल्या, शब्दकोश केले आणि ग्रंथ रचले. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव आहे 'देव वेद पुराणय'. मराठी वाचकाच्या कानांना हे नाव ओळखीचे वाटेल. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये सासष्टीच्या रायतूरला छापून प्रसिद्ध केलेले मराठी 'क्रिस्तपुराण' आपल्याला माहीत आहे. जुनी पुराणे गेली, आता आम्ही एकत्र बसून वाचायचे काय, या नवख्रिस्त्यांच्या गरजेतून ते जन्मले. मिळून वाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठी पुराण हवे ही जाणीव मांडवीच्या काठची, ती गोन्साल्विश यांनी लंकेत नेली. त्यांच्या 'दुःखप्राप्ति प्रसंगय' या ग्रंथावरून निघालेली 'पसान' ही गायनपरंपरा लंकेतल्या कॅथलिक गावांत आजही उपासाच्या दिवसांत ऐकायला मिळते. गोन्साल्विश १७ जुलै १७४२ रोजी बोलवत्त येथे वारले. आज सिंहली साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे आणि दिवाडीला फेस्ताला जाणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव माहीत नाही.

आता या कथेची दुसरी बाजू. ती टाळली तर लेख आरतीसारखा होईल. खुरसाच्या टेकडीवरच्या त्या घराचे दार सगळ्या गोवेकरांना उघडे नव्हते. तिथे प्रवेश ब्राह्मण कुळातल्या पाद्र्यांनाच मिळे. चारड्यांना नाही, मग इतरांची गोष्टच नको. ज्यांनी गोऱ्यांच्या वर्णगर्वाचा चटका सोसला त्यांनीच आपल्या उंबऱ्यावर जातीची रेघ मारली. १७०२ मध्ये आंतोनियु जुवांव द फ्रियास या गोवेकर पाद्र्याने ब्राह्मण कुळांचे श्रेष्ठत्व सांगणारे पुस्तक लिस्बनला छापले, तर १७१३ मध्ये लिओनार्दू पायश यांनी चारड्यांची थोरवी गाणारे. दोघेही ख्रिस्ती पाद्री! पुढे चारडे पाद्र्यांनी चिंबलला आपला वेगळा कार्मेलाइट संघ उभारला. इगर्जींच्या कोंफ्रारियांतही, म्हणजे गावच्या भक्तमंडळांतही, ही विभागणी चालूच राहिली. कोणी कुठला लाल-पांढरा झगा घालून मिरवणुकीत कुठे चालायचे यावर कज्जे झाले.

म्हणून 'एकमेकांना धीर देणे' हे ऐकायला जितके गोड आहे तितके सोपे नाही. 'एकमेक' कोण, हा पहिला प्रश्न. आपल्या जातीतले, आपल्या वाड्यावरचे, आपल्या भाषेतले, एवढ्यांनाच धीर दिला तर त्याला धर्म म्हणायचे की ज्ञातिसंस्था? हा प्रश्न फक्त ख्रिस्त्यांना नाही. आपल्या देवस्थानांच्या महाजनकीत, आपल्या समाजमंडळांत तो तितकाच टोचतो. या कथेत मला दिलासा एवढाच वाटतो की टेकडीवर असलेली रेघ लंकेतल्या रानात पुसली गेली. तिथे मुप्पु आणि अण्णावि कोण असावा याला गोव्याच्या कुळाची मोजपट्टी नव्हती. मजुराच्या वेषात हिंडणाऱ्या, परक्याच्या पेजेवर जगलेल्या माणसाला ती मोजपट्टी वापरताही आली नसती.

टेकडीवरच्या घराचा शेवट हुकमानेच झाला. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने सगळे धर्मसंघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली. गोऱ्यांचे संघ गेले तशी देशी पाद्र्यांची ओरेटरीही गेली. इमारतीला वाली उरला नाही. पण तोवर लंकेत इंग्रज आले होते, १८०६ मध्ये कॅथलिकांवरचे निर्बंध उठले होते आणि डचांच्या सगळ्या राजवटीत टिकलेला समाज उघडपणे उभा होता. डचांचा पंथ, ज्याच्यामागे किल्ले, तोफा आणि जमिनीचे दप्तर होते, तो त्यांच्यामागे झपाट्याने ओसरला. ज्यांच्याकडे रात्रीच्या बैठकी आणि एक अण्णावि होता, ते राहिले. श्रीलंकेतल्या ख्रिस्त्यांत आज बहुसंख्य कॅथलिकच आहेत.

हे सगळे श्रेय जुझे वाझ यांचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. वाझांचे पहिले सविस्तर चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले, तेही त्यांच्याच घरातल्या सेबास्तियांव दो रेगू या पाद्र्याने लिहिलेले. म्हणजे संताची आठवणसुद्धा त्याच्या सोबत्यांनी जपली. मला तर वाटते, संत ही एका माणसाची कमाई नसतेच. एक माणूस पुढे दिसतो. त्याच्यामागे घर असते, त्याची पत्रे वाचणारे असतात, त्याची चूक त्याला तोंडावर सांगणारे असतात, रानात पेज घेऊन येणारी कोणी असते, चाबूक खाऊन गप्प राहणारे असतात आणि त्याच्यामागून बोटीत बसायला तयार झालेला दिवाडीचा एखादा तरुण असतो.

आपल्या गावांत हे सारे अगदीच संपलेले नाही. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे लदाय्न होते. सगळे शेजारी जमतात, व्हायोलिन वाजते, मग उकडलेले चणे आणि फेणीचा घोट. त्यात कित्येकदा शेजारचे हिंदूही असतात. त्या वेळी कोणाचा पाय मोडलाय, कोणाचा मुलगा बोटीवरून परत आला नाही, कोणी दारूच्या नादी लागलाय, हे सगळे निघते आणि दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी त्या घरची पायरी चढतो. धर्मपंडित याला कदाचित फार मोठे नाव देणार नाहीत. पण नेरीच्या खोलीत, टेकडीवरच्या घरात आणि सिल्लालैच्या रात्रींत हेच चालले होते.

जुन्या गोव्याला कधी गेलात तर बॉम जेझू आणि सी कॅथेड्रल पाहून झाल्यावर थोडा वेळ राखून ठेवा. कॅथेड्रलमध्ये तो चमत्काराचा खुरीस बघा आणि मग तो जिथून आणला त्या टेकडीवर जा. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही. दगडी भिंती, त्यांतून उगवलेली झाडे आणि खाली मांडवीचे खोरे. ज्यांना कोणी घरात घेतले नाही त्यांनी तिथे स्वतःचे घर केले होते.